बाटली आधी उलटी धर

दुकानात बाटली हातात घेतलीस की ती आधी उलटी धर, पोरी. पुढची बाजू विकण्यासाठी लिहिलेली असते आणि मागची कायद्यासाठी. पुढे झुळझुळते केस, बदामाचं चित्र, "नैसर्गिक", "सौम्य", "त्वचातज्ज्ञांनी तपासलेले" असं सगळं असतं. त्यातल्या एकाही शब्दावरून आत काय भरलंय ते कळत नाही. मागे बारीक अक्षरांत "इन्ग्रेडिएन्ट्स" या शब्दापुढे नावांची जी ओळ असते, ती वाचायला शीक. चष्मा लागत नसेल त्या वयात ही सवय लागली तर फारच बरं.

अंधेरीला बिऱ्हाड मांडलंस आणि "मावशी, शाम्पू कुठला घेऊ?" म्हणून विचारलंस. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. आज सांगितलेल्या नावाची बाटली दोन वर्षांनी तीच राहील याची खात्री नसते. वेष्टन तेच राहतं आणि आतला मसाला बदलतो. माझी सगळी नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत, शाम्पू बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात झाली. बोरिवलीहून बोईसरची गाडी पकडायची आणि दिवसभर बॅचचे नमुने तपासायचे. त्यातून जे हाती लागलं ते तुझ्या हवाली करते.

पहिली गोष्ट, नावांचा क्रम. आपल्याकडच्या नियमात (आता 2020 चे कॉस्मेटिक्स रूल्स लागू आहेत) एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. सर्वांत जास्त असलेला सर्वांत आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर येतात, पण त्यांना आपसात क्रमाचं बंधन नाही. म्हणजे यादीच्या मध्ये कुठेतरी एक न दिसणारी रेघ असते. रेघेच्या वर जे आहे ते काम करतं. खाली परिरक्षक, सुगंध, रंग असतात आणि पुष्कळदा जाहिरातीत मिरवलेली मंडळीही तिथेच असतात.

ही रेघ कुठे आहे ते ओळखायची खूण सांगते. यादीत "फेनॉक्सीइथेनॉल" शोध. हे परिरक्षक आहे आणि ते एक टक्क्यापर्यंतच वापरतात. त्याच्यानंतर जे जे लिहिलंय ते एक टक्क्याच्या आतलं समज. ते नसेल तर "सोडियम बेन्झोएट" किंवा "डायसोडियम ईडीटीए" बघ. तीही थोडीशीच घालतात. आता पुढच्या बाजूला ज्याचं चित्र मोठं छापलंय ते आवळा, कोरफड, आर्गन तेल, कांद्याचा अर्क या खुणेच्या वर आहे की खाली, ते पाहा. बहुतेक वेळा ते खालीच असतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण या बाटल्यांना अगदी लागू पडते. अर्क थोडा असणं हा गुन्हा नाही. पण त्या थोड्याशा अर्कासाठी दुप्पट पैसे मोजायचे की नाही, हे ठरवणं तुझ्या हातात आहे.

"आयुर्वेदिक" शाम्पूचं लेबल मात्र वेगळं असतं. त्याचा परवाना आयुर्वेदिक औषधाचा असतो, म्हणून तिथे "प्रत्येक 10 मिलीमध्ये" असं लिहून वनस्पतींची शास्त्रीय नावं आणि वजनं दिलेली असतात. वजनं दिसतात हे चांगलंच आहे. पण शेवटी एक छोटीशी ओळ असते: "शाम्पू बेस, क्यू. एस.". क्यू. एस. म्हणजे लागेल तेवढं. मळ काढणारा सगळा भाग त्या दोन अक्षरांत गेला, आणि तो कशाचा बनलाय ते तुला कळायला मार्ग उरला नाही. हातात घेऊन हलवलास आणि फेसाचे डोंगर उभे राहिले, तर आत तेच सल्फेट असणार असं धरून चाल. ज्याला नेहमीच्या सल्फेटने खाज सुटते त्याने केवळ "आयुर्वेदिक" हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नये.

आता रेघेच्या वरचे घटक. पहिलं नाव जवळजवळ नेहमी "अ‍ॅक्वा", म्हणजे पाणी. शाम्पूत साधारण सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं. दुसरं आणि तिसरं नाव धुण्याचं काम करतं, आणि तुलना करायची ती याच दोन-तीन नावांची. सोडियम लॉरिल सल्फेट आणि सोडियम लॉरेथ सल्फेट ही दोन नावं वाचताना गल्लत होते. कारखान्यात आम्ही एसएलएस आणि एसएलईएस म्हणायचो. लॉरिल जास्त कडक, त्वचेला कोरडं करणारं. लॉरेथ त्याच्यापेक्षा मवाळ आणि स्वस्त, म्हणून बाजारातल्या बहुतेक शाम्पूत तेच असतं. कारखान्यात ते सत्तर टक्क्यांच्या घट्ट पेस्टच्या रूपात पिंपांतून यायचं. आपल्या तारापूर-तळोज्यात कारखाने असलेल्या गॅलेक्सी सर्फॅक्टंट्ससारख्या कंपन्या हा कच्चा माल बनवून मोठमोठ्या ब्रँडांना पुरवतात. स्वस्त आणि महाग बाटलीतला धुणारा माल एकाच प्रकारचा असू शकतो, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. म्हणून सांगते, दोन बाटल्या शेजारी ठेव आणि पहिली पाच नावं ताडून पाहा. पाचही नावं त्याच क्रमाने आली, तर उरलेला फरक मुख्यतः सुगंधाचा, वेष्टनाचा आणि जाहिरातीचा.

तिसरं-चौथं नाव "कोकामिडोप्रोपिल बिटाइन" असेल तर ते चांगलं लक्षण. नारळाच्या तेलापासून बनतं आणि लॉरेथचा कडकपणा कमी करतं. क्वचित कुणाला त्याचीच अ‍ॅलर्जी असते, तो भाग वेगळा.

"सल्फेट फ्री" या दोन शब्दांवर तुझ्या पिढीचा फार विश्वास आहे. तो शब्द खरा असतो, पण अपुरा असतो. बाटली उलटी धरून बघ, सल्फेटच्या जागी काय घातलंय. "सोडियम सी 14-16 ओलेफिन सल्फोनेट" असेल तर ते नावापुरतंच सल्फेट नाही. मळ आणि तेल ते जोरातच ओढून काढतं, आणि रुक्ष केसांना त्याचाही त्रास होऊ शकतो. "डेसिल ग्लुकोसाइड", "कोको ग्लुकोसाइड", "सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट", "सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट", "कोकॉइल ग्लुटामेट" ही खरोखर सौम्य मंडळी. ती महाग असतात, म्हणून ती पहिल्या तीन नावांत दिसली तर जास्त किमतीला काही अर्थ आहे. लॉरेथच्या मागे, यादीच्या शेपटाला एखादं ग्लुकोसाइड लावलेलं असेल तर नाही.

पण सौम्य म्हणजे सगळ्यांसाठी चांगलं, असंही समजू नकोस. तुझ्या सासूबाई रविवारी खोबरेल तेल चोपडून तासभर बसतात. तेवढं तेल ग्लुकोसाइडच्या शाम्पूने एका धुण्यात निघत नाही. त्यांना साधा लॉरेथचाच शाम्पू दे. मगमध्ये पाणी घेऊन त्यात चमचाभर मिसळायचा आणि ते पाणी डोक्यावर घ्यायचं. रोज गर्दीच्या लोकलने जाणाऱ्या, घामाने डोकं भिजणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा धुवायला सौम्य शाम्पू पुरतो. केस रंगवले असतील किंवा केराटिन केलं असेल तर सौम्यच वापर.

दाटपणावर जाऊ नकोस. शाम्पू घट्ट दिसला की लोकांना वाटतं, यात माल जास्त आहे. तो घट्टपणा मिठाने येतो. यादीत "सोडियम क्लोराइड" दिसेल, ते आपलं साधं मीठच. लॉरेथच्या द्रावणात मीठ घातलं की ते दाटतं, आणि ठरावीक प्रमाणाच्या पुढे गेलं की पुन्हा पातळ होतं. ते नेमकं प्रमाण शोधणं हेच आमच्या तपासणीतलं रोजचं काम होतं. मोत्यासारखी चमक "ग्लायकॉल डायस्टिअरेट"ची असते. तिने केस धुतले जात नाहीत.

केस मऊ लागतात ते "डायमेथिकोन"मुळे, किंवा "ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड" या लांबलचक नावाच्या पदार्थामुळे. हे दुसरं आपल्या गवारीच्या बियांतल्या डिंकापासून बनतं, नावाला घाबरायचं कारण नाही. डायमेथिकोन हे सिलिकोन. केसांवर पातळ थर चढवून चमक देतं. कुरळ्या, गुंतणाऱ्या केसांना ते उपयोगी. पातळ, तेलकट केस त्याने चपटे दिसतात. नाव लांब म्हणजे विष, असं काही नसतं. "सेटिल अल्कोहोल", "सेटिअरिल अल्कोहोल" यांनाही अल्कोहोल म्हणून नाकारू नकोस. ते मेणासारखे मऊ पदार्थ आहेत, केस कोरडे करत नाहीत.

परिरक्षकाशिवाय शाम्पू टिकत नाही. न्हाणीघरातल्या दमट हवेत तर नाहीच. "पॅराबेन फ्री" लिहून त्याऐवजी "मिथाइलआयसोथायझोलिनोन" घातलेलं असेल तर मला ते पॅराबेनपेक्षा जास्त खटकतं, कारण त्याने अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण मोठं आहे. युरोपात 2017 पासून त्वचेवर राहणाऱ्या क्रीम-लोशनांत त्याला बंदी आहे, आणि धुऊन जाणाऱ्या शाम्पूत दहा लाखांत 15 भागांची मर्यादा आहे. "डीएमडीएम हायडॅन्टॉइन" हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतं. ज्याला त्याची अ‍ॅलर्जी आहे त्याने टाळावं. कोंड्याच्या शाम्पूत "झिंक पायरिथिओन" दिसेल. युरोपीय संघाने मार्च 2022 पासून ते सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं, आपल्याकडे चालतं. नको वाटलं तर "पिरॉक्टोन ओलामाइन"वाला शोध. कुठलाही कोंड्याचा शाम्पू लावल्या लावल्या धुऊ नकोस, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू दे, नाहीतर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. आणि महिनाभरात गुण नाही आला तर बाटली बदलत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा.

आता पाण्याचं. अर्ध्या तक्रारी बाटलीच्या नसतात, पाण्याच्या असतात. पालिकेचं पाणी सात तलावांतलं: तानसा, भातसा, मोडक सागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार, तुळशी. पावसाचं साठवलेलं पाणी ते, म्हणून मऊ. साबणाला छान फेस येतो. पण उपनगरांतल्या कितीतरी सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतो, कुठे वर्षभर बोअरवेलचं पाणी टाकीत मिसळतात. ते पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यात साबण फुटतो, पांढरट राड अंगावर, बादलीच्या कडेला आणि केसांवर बसते. मग केस राठ लागतात आणि दोष शाम्पूला जातो.

घरच्या घरी तपासून घे. पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या घे. एकीत पिण्याच्या नळाचं पाणी, दुसरीत न्हाणीतलं. दोन्हींत अंगाच्या साबणाचे नखाएवढे तुकडे किसून टाक आणि तेवढाच वेळ हलव. एकीत फेस टिकला आणि दुसरीत पाणी गढूळ होऊन वर चोथा आला, तर न्हाणीचं पाणी जड आहे. साबण खरा साबण हवा, मॉइश्चरायझिंग बार नको, तो जड पाण्यातही फेसाळतो. पाणी जड निघालं तर डोक्याला साबण कधीच लावू नकोस आणि यादीत "ईडीटीए" असलेला शाम्पू घे. ते क्षारांना धरून ठेवतं. शेवटचा एक तांब्या पिण्याच्या नळाच्या पाण्याचा डोक्यावर घेतलास तरी फरक जाणवेल.

अंगाच्या साबणाचा हिशेब शाम्पूपेक्षा सोपा आहे. वेष्टनावर "टीएफएम" असा आकडा असतो, म्हणजे साबणात एकूण मेद किती. भारतीय मानक आयएस 2888 प्रमाणे टॉयलेट सोपची पहिली प्रत म्हणजे किमान 76 टक्के, दुसरी 70, तिसरी 60. "बेदिंग बार" म्हटलं की मानक वेगळं, तिथे 40 टक्केही चालतात. टीएफएम जास्त तेवढा साबण कमी झिजतो आणि अंग कमी ओढलं जातं. शंभर ग्रॅमच्या किमतीबरोबर हा आकडाही ताडून पाहा. स्वस्त वाटणारी वडी पुष्कळदा पंधरवड्यात विरघळून जाते. एक अपवाद ध्यानात ठेव. यादीत पहिलं नाव "सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट" किंवा "सोडियम लॉरॉइल आयसेथिओनेट" असेल तर ती वडी साबण नाहीच, तिला टीएफएमचं माप लावायचं नाही. साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो, आपल्या त्वचेचा साडेपाचच्या आसपास. या वड्या त्या मानाने सौम्य असतात, इसब असलेल्या माणसाला किंवा तान्ह्या बाळाला त्याच बऱ्या. "सोडियम पामेट" म्हणजे पाम तेलाचा साबण, "सोडियम टॅलोएट" म्हणजे जनावराच्या चरबीचा. आमच्या मजल्यावरच्या जैन बेन हे एकच नाव शोधण्यासाठी वडी माझ्याकडे घेऊन येतात.

बाटलीवरच्या पत्त्याकडेही बघत जा. 400099 म्हणजे तुझ्या घराजवळचं चकाला, तिथे हिंदुस्तान युनिलिव्हरचं मुख्यालय. 400079 म्हणजे विक्रोळी, गोदरेजचं. पण कार्यालयाचा पत्ता म्हणजे कारखान्याचा पत्ता नव्हे. "निर्माता" म्हणून वेगळं नाव आणि गाव असतं, आणि "एम"ने सुरू होणारा उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, हे सगळं हवं. यातलं काहीच नसलेली बाटली स्टेशनबाहेर कितीही स्वस्त मिळाली तरी डोक्याला लावायची नाही. आणि रिकामी बाटली भंगारवाल्याला देण्याआधी कात्रीने कापून दे, म्हणजे तिच्यात भलतंच काही भरून ती पुन्हा बाजारात यायची नाही.

पुड्यांचं वेगळंच आहे. 60 मिलीहून लहान पॅकवर घटकांची यादी छापायची सक्ती नाही. म्हणून आधी मोठ्या बाटलीवरची यादी वाच, पटली तर पुड्या घे. मिलीमागे हिशेब केलास तर पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. प्लास्टिकचा कचरा मात्र वाढतो, आणि मला स्वतःला तो सोसवत नाही. मी बाटलीच घेते.

तळाला उरलेल्या शाम्पूत पाणी घालून बाटली खळखळवायची सवय आपल्या घरात सगळ्यांना आहे. घाल, पण त्याच दिवशी संपव. पाण्याने परिरक्षकही पातळ होतं आणि दमट न्हाणीत त्या पाण्यात जंतू वाढतात.

शिकेकाई घरी करायची असेल तर जरूर कर. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, थोडी मेथी. काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खं सामान आण, दळलेली पूड नको, तिच्यात भेसळ ओळखू येत नाही. रात्री भिजवायचं, सकाळी उकळायचं, गाळायचं. रिठ्यातल्या सॅपोनिनने फेस येतो आणि मळ निघतो. गाळणं मात्र दुहेरी फडक्यातून कर, भुकटी टाळूवर राहिली की खाज सुटते. डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं, लहान मुलांना शाम्पूच बरा. केलेलं पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नकोस, फ्रिजमध्येसुद्धा. त्यात परिरक्षक नाही, ते आंबणारच.

घरसफाईच्या मालाकडेही असंच बघत जा. सुटं फिनाइल आणि भांड्यांचं लिक्विड कॅनमधून दारावर विकायला येतं. भांड्यांच्या लिक्विडमधली अ‍ॅसिड स्लरी, म्हणजे मळ काढणारं आम्ल, नीट उदासीन केलेली नसेल तर हात सोलवटतात. भांडी घासणाऱ्या मावशींच्या बोटांना भेगा दिसल्या तर आधी ते लिक्विड बदल आणि त्यांना रबरी हातमोजे आणून दे. त्यांनाही आणि घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट बजावून सांग: संडास धुण्याचं अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या छोट्या बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

शाम्पूची नवी कुठलीही बाटली आणलीस की आधी कोपराच्या आतल्या बाजूला पातळ करून थोडीशी लाव, पाच मिनिटांनी धुऊन टाक, आणि दोन दिवस वाट बघ. डोक्याला लावल्यावर मान, कानामागची जागा किंवा पापण्या लाल झाल्या, खाजल्या, तर वापर थांबव. पण बाटली फेकून देऊ नकोस. ती घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तुझ्याजवळ कूपर रुग्णालयाची ओपीडी आहे. पॅच टेस्ट करून नेमका घटक कोणता ते सापडू शकतं. तो सापडला की त्याचं नाव पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेव आणि पुढे दुकानात कुठलीही बाटली घेण्याआधी ती चिठ्ठी काढून मागची यादी तपास.